कोपरे

बल्ब एप्रिलमध्ये गेला,
दुधी काचेचा, आतून करपलेला.
जळगावात विचारलं, अकोल्याला फोन केला.
ताई, ते आता येत नाहीत,
आणि पुढे हसून: तुम्ही अजून धुता फोटो?

मग भंगारातून एका मुक्या अॅम्प्लिफायरची
अॅल्युमिनियमची पाठ आणली, पन्नास रुपयांत.
तिच्यावर एलईडीच्या पट्ट्या,
निळ्या वेगळ्या, हिरव्या वेगळ्या,
भोवती तुपाचा डबा, आतून चुन्यानं पांढरा,
आणि उजेड पसरवायला
श्रीखंडाच्या डब्याचं झाकण.

सुभानकाका तडवी स्टुलावर बसून ऐकत होते.
ह्याच खोलीत त्यांनी
अर्ध्या भुसावळची लग्नं कागदावर आणली,
मालगाडी आली की मोजणं थांबवून,
फरशी निवली की पुन्हा एकपासून.
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशनचं काढलं की म्हणतात, ऊन उतरू दे.

डब्यावर त्यांनी तळहात ठेवला.
बराच वेळ.
"तापत नाही व हा?"
नाही काका. आता निगेटिव्ह मधेच फुगणार नाही.
"तापत नाही तं उजेड कसला."

पहिला कागद भाकरीसारखा आला,
मधे जळका, कडांना कच्चा.
पट्ट्या कडेला सरकवल्या, झाकण दोन बोटं खाली घेतलं,
मग झाकणावर झाकण.
डेव्हलपरच्या ट्रेखाली माठाचं पाणी.
दोनदा लाइट गेली;
दीपनगरची धुराडी गच्चीवरून दिसतात,
तरी जातेच.

चौथ्या रात्री
निगेटिव्ह न लावता एक अख्खा कागद.
बारा सेकंद.
आठव्याला मालगाडी आली, फरशी थरथरली,
पण हलायला चित्रच नव्हतं.

ट्रेमध्ये तो सावकाश भरत गेला:
राखाडी.
ह्या काठापासून त्या काठापर्यंत
नुसता राखाडी.

काकांनी तो ओलाच डोळ्यांशी नेला,
पाणी पायजम्यावर गळत होतं.
"कोनाचा व हा?"
कुणाचाच नाही.
त्यांनी कागद फिरवला.
एक कोपरा, दुसरा, तिसरा.
चौथ्यापाशी थांबले.
"मले तं रोज असंच दिसतं, पोरी.
पन माह्या डोयात मधोमध डाग हाये.
तुह्या कागदात नाही."

मी तो दोरीला चिमट्यानं लावला.
मागे पेन्सिलीनं तारीख,
आणि गिऱ्हाइकाच्या जागी, सवयीनं,
त्यांचं नाव.