दोनशे वाघांची ऑर्डर

विणकर वसाहतीत, आमच्या घरात
वाघ आधी पुठ्ठ्यावर येतो.
भोकं. नुसती भोकं.
पंचिंगवाला कुडक्याल ती पाडून देतो,
बापू पुठ्ठे दोऱ्याने एकमेकांना शिवून
जेकार्डवर चढवतात,
आणि तीन हजार दोनशे पुठ्ठे फिरून गेले
की भिंतीएवढ्या कापडावर एक वाघ
डोंगर उतरून पाण्याशी येतो.

बापूंनी डोंगर पाहिलेला नाही.
तुळजापूरचा घाट पाहिलाय, एसटीतून, तोही रात्री.
"निळ्या सुताचे चार कोन उरले होते,
म्हणून मागे डोंगर घातला," म्हणाले.

दोनशे नग. सातपुड्यातल्या कुठल्याशा रिसॉर्टची ऑर्डर.
एका भोकात सुताचा कचरा अडकला होता.
लक्षात येईपर्यंत साठ वाघ
डाव्या डोळ्याखाली पांढरा तीळ घेऊन
ट्रान्सपोर्टला लागले होते.
त्यांचे पैसे कापले गेले.
बापू दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

यंदा दिवाळीनंतर पतसंस्थेच्या सहलीत
मी त्याच डोंगरात जाऊन आले.
पहाटे साडेपाचची जीप,
तिघींत एक चादर, अर्थात आपल्याकडचीच,
आणि पुढे उभा गाइड, शोभेलाल धिकार.
त्याने ओठांवर बोट ठेवलं.
लांब एक सांबर ओरडलं, मग वानर,
मग इतकं शांत झालं
की मला माझ्या स्वेटरची लोकर ऐकू आली.
चिखलात पंजा होता.
त्याच्या कडांतून अजून पाणी झिरपत होतं.
"आत्ताच गेला," शोभेलाल म्हणाला.
तीन सफाऱ्या केल्या.
तिन्ही वेळा आत्ताच गेला.

"तुमच्याकडे काय आहे बघायला?" त्याने विचारलं.
"माळ आहे. नान्नजला माळढोक."
"दिसतो?"
मी शेंगाचटणीची पुडी पुढे केली.

आणि जेवणघरात,
हात धुवायच्या नळाच्या बरोबर वर,
तो होता.
डोळ्याखाली तीळ.
मी ओल्या हाताने त्याचा कोपरा उचलला.
उलट्या बाजूला सगळं फिरलेलं:
काळा वाघ, अंगावर केशरी पट्टे,
डोंगर पांढराफट्ट.
मागे रांगेतल्या बायका हसल्या,
"शेपूट शोधतेस काय गं?"

आता घरी. शेजारचा माग चालू आहे,
त्यामुळे सगळं थोडं ओरडून सांगावं लागतंय.
बापूंनी मोबाइल नाकाला लावलाय.
आपला तीळ त्यांनी लगेच ओळखला,
त्याबद्दल काही बोलले नाहीत.
"नळावर टांगतात होय कुणी?
भिंतीला ओल आहे बघ.
केशरी सुटेल अशाने."

अम्माच्या मांडीवर सूप.
हात न थांबवता ती नुसत्या डोळ्यांनी फोटो बघतेय,
पंजा, सूर्य, धुकं, परत पंजा.
मग जीपचा फोटो येतो, आम्ही सातजणी, गॉगल लावून,
आणि तिची कात्री थांबते.
ती बोटं पदराला पुसते, फोटो मोठा करते,
आमचे चेहरे दोन्ही कडांना पळून जातात.
मध्ये राहते एक फांदी.

"हे आकू," ती म्हणते. "आपलं पान."

तीस वर्षं ते तिच्याकडे येतंय,
वाळलेलं, पुड्यात बांधलेलं.
रात्री भिजवायचं, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कापायचं,
संध्याकाळी हजार विड्या मोजून द्यायच्या,
त्यातल्या छाटीत गेलेल्या सोडून.
झाड आहे, त्याला फांदी आहे,
फांदी जीपवर येते, हे मीही पाहिलं नव्हतं,
त्याच फांदीखाली आम्ही
वाघासाठी पाऊण तास उभ्या होतो.

"एवढं हिरवं असतं?"
मग ती शिरा तपासते, कारखान्यातला माणूस तपासतो तशा.
"जून झालंय. याची विडी फुटते."
मोबाइल परत देते.
"हा ठेव. पुसू नको."
आणि बऱ्याच वेळाने, कात्री चालवता चालवता,
"तुझा चेहराही बरा आलाय त्यात."