अर्थिंगची पिन

भरमाण्णा उचगावकर आले तेव्हा
मी फाटक्या वहीला पट्टी चिकटवत होते.
चपला पायरीखाली काढल्या, देवळात काढावं तशा,
आणि काउंटरवर पिशवी उपडी केली:
दोन मोबाईल, दोन चार्जर, एकाला काळी टेप,
काकूंच्या कानातल्या यंत्राची डबी,
दाढीचं मशीन, वाफेचं भांडं,
आणि पिवळ्या वायरचा पाच सॉकेटचा बोर्ड,
उद्यमबागेत फौंड्रीला होते तेव्हा
जेवणाच्या सुट्टीत स्वतः बांधलेला.

"जहाजावर जाऊलाव गे मंजुळे. सिंगापुरास्नं.
भारतीनं तिकिटं काढलीत.
हे सगळं चालंल अशी एक पिन दे."

मी खालचा खण ओढला.
खणात देश असतात, गुंतलेले.
तिरक्या पिनांचा ऑस्ट्रेलिया, रडक्या तोंडाचा.
जाडजूड तीन पिनांचा, इंग्रजांचा.
दोन गोल. दोन चपट्या.
भारतीनं खोलीतल्या भिंतीचा फोटो धाडला होता:
आरशाखाली दोन चिरा, शेजारी दोन भोकं.

दादांचं भिंग काढून एकेक चार्जर वाचला.
शंभर ते दोनशे चाळीस.
शंभर ते दोनशे चाळीस.
"एवढं लिहिलेलं असलं की डोळे झाकून लावा काका.
पिन नुसता आकार बदलते, दाब नाही बदलत."

भांड्यावर मात्र दोनशे तीस एवढंच.
"हे राहू दे. तापणारं काही ते दारातच काढून घेतात."
आणि बोर्ड?
"बोर्डही."

तेव्हा ते दुखावले.
"बत्तीस वर्षं गे. याच्यावर भट्टीचा पंखा चालला.
एक ठिणगी नाही."
"तसं नव्हे काका."

मध्येच कुणी म्हणालं, ओंबत्त वॅट बल्ब कोड्री अक्का,
वंद निमिष री, म्हटलं, मान वर न करता.
बल्ब दिला. सुट्टे दिले.
मग कागदाच्या पाठीवर तीन रेघा ओढल्या.

घरात एका तारेत करंट,
दुसरी गार,
तिसरी जाते मातीत.
दुकानामागं दादांनी खड्डा काढला होता,
तांब्याची पत्री, कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा.
उन्हाळ्यात पाणी घालायचं, माती ओली राहिली पाहिजे.
वर पाटी तीनदा रंगवून झाली,
अक्षरं वरखाली झाली, लहानमोठी झाली.
खड्डा आहे तिथंच आहे.

"जहाजावर पुष्कळदा दोन्ही तारा जाग्या असतात काका.
गार अशी कुठलीच नाही.
तिसरी जाते लोखंडाला, आणि लोखंड पाण्यावर."

त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
लेथवर माप बघावं तसं, एक डोळा मिटून.
"म्हणजे जमीनच नाही म्हण की."
"नाही."
"आणि माणसं किती?"
"असतील दोन-तीन हजार."
"झोपतात?"

चपट्या पिनांचा एक घेतला. एकशे चाळीस रुपये.
दहा कमी करायला सांगितलं, सवयीनं,
आणि पुरते देऊन टाकले.
बोर्ड नेला नाही. "येईपर्यंत वापर.
पडून राहिला की सॉकेट ढिले होतात."

लावला काउंटरखाली.
पाचही सॉकेट घट्ट. नवे बोर्ड असे मिळत नाहीत,
मी विकते, मला ठाऊक आहे.

अकराव्या दिवशी रात्री फोटो आला.
आरशाखाली काकूंची डबी, हिरवा ठिपका,
आरशात काकांचं बनियन, अर्धा खांदा.
खाली लिहिलेलं:
पिन बसली. यंत्र चार्ज झालं.
पण ही कानात घालत नाही.
म्हणते, नुसती घरघर येते खालनं,
आणि त्याच्या खाली काही नाही.

मी बराच वेळ काही टाईप केलं नाही.
मग मागचं दार उघडलं
आणि खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं.
चैत्र होता.
तसंही घालायचंच होतं.