ऑस्ट्राव्हा, सातवा मजला

एकवीस. काल तेवीस होती.
व्लास्तिमिल चिमटीत खाद्य चुरतो,
पार पिठासारखं. खाणीत झिजलेली बोटं
एवढ्या कामाला अजून पुरतात.

सिक्लिड मादीने तीन आठवडे
तोंडात सांभाळली पिल्लं,
स्वतः कण गिळला नाही.
आता फुटक्या कुंडीखाली दडलीत सगळी.

पोरगाही टेबलाखाली, बुटांसकट.
दुपारी सरकारी बाई सोडून गेली त्याला,
नाव राडिम, एवढंच सांगून.
सूप तसंच. वर तवंग गोठलेला.

"दिवा लगेच लावायचा नसतो,"
म्हातारा म्हणतो, माशांबद्दलच,
काचेकडे बघत.
"आणि सारखं मोजूही नये खरं तर."

फिल्टरची गुरगुर.
कुंडीच्या कडेशी एक डोळा,
मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा.

टेबलाखालून :
"बावीस."