छाट

दाजी पेठेत, इस्त्रीवाल्याच्या माडीवर
मी आणि रेवणसिद्ध लिनक्स बांधतोय, शाळांसाठी.
लिहितोय नव्हे, बांधतोय.
लिहिलंय दुसऱ्यांनीच, कुठकुठल्या देशांत, रात्री जागून.
आमचं काम गाठोड्याचं:
काय घ्यायचं, काय मागं ठेवायचं,
आणि गाठ अशी मारायची की
वळसंगच्या पोराला ती दातानं सोडवावी लागू नये.

रेवणसिद्ध म्हणतो, सगळं घाल.
बुद्धिबळ घाल, चित्रं घाल, आकाशातले ग्रह घाल,
मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारी कळफलक.
पाहुणा मागेपर्यंत थांबायचं असतंय का बे?
मी म्हणते, मशीन बघ. तेरा वर्षांचं,
बँकेनं टाकून दिलेलं.
एवढं वाढलंस तर पहिल्या घासालाच ठसका लागेल.

शिवाय एक मागावं तर सतरा उतरतात.
पत्रिका एकाला, जीपमधून अख्खी भावकी.
त्यातला एक कोण, कुणाचा, कशाला आलाय
हे शोधण्यात माझा गुरुवार गेला.
काढून टाकला तर प्रिंटर बंद.
परत बोलावला. मानानं बसवला.

कळफलकांवर भांडण झालं नाही, चारी ठेवले.
भांडण झालं ते 'दुसऱ्या'तल्या ऱ्यावर.
जुन्या फॉन्टात तो पाय मोडून उभा राहायचा;
'इयत्ता दुसरी' नीट,
'दुसऱ्या इयत्तेचा वर्ग' लंगडा.
रेवणसिद्ध म्हणाला, कुणाला दिसतंय?
जो नुकता वाचायला शिकतोय त्याला, मी म्हणाले.
तो अर्धा तास बोलला नाही.
मग फॉन्ट त्यानंच बदलला.

डाउनलोड करा म्हणावं
तर बोरामणीच्या पुढं रेंज झाडावर चढल्याशिवाय येत नाही.
म्हणून पेनड्राइव्ह. पंचवीस.
चटणीच्या रिकाम्या डब्यात, एसटीच्या कंडक्टरच्या हाती,
बिराजदार सर स्टँडवर उतरवून घेणार.

रात्री कुंभारीच्या घरकुलात, आईच्या सुपाशेजारी बसून
एकेक तपासते.
चौसष्ट अक्षरांची ओळ,
इथली आणि तिथली जुळली पाहिजे.
पान कापता कापता आई विचारते, हे काय?
तुझ्या ब्रँचमधला चेकर.
तिची कात्री थांबते.
म्हणजे छाट काढणार. पैसे कापणार.
चाळीस वर्षं तिच्या हजारातल्या पन्नास-साठ विड्या
कुणीतरी असंच बोटानं बाजूला सारलंय,
आणि त्या बाजूच्या ढिगाचं पुढं काय झालं
तिला कधी कळलं नाही.

नाही गं, हा काही कापत नाही.
नुसता सांगतो, जुळत नाही.

'आणि त्याला कोण तपासतं?'

याचं उत्तर आहे माझ्याकडं, बरंच लांब,
सह्यांचं, किल्ल्यांचं,
कुणी कुणाच्या शब्दावर विसंबायचं त्याचं.
मी सुरुवात केली तोवर
तिनं पुढचं पान उचललं होतं.

एकोणिसावा जुळला नाही.
पुसला, परत भरला. नाही.
खणात टाकून दिला आणि झोपले.

पहाटे उठून बघते तर
सगळे विडीच्या दोऱ्यानं बांधून ठेवलेले,
कट्ट्यासारखे, लेबलाची बाजू वर.
पहिल्या गाडीनं जायचेत ना, म्हणाली.
मग तळहातावर एकदा तोलून,
न मोजता,
'चोवीसच आहेत.'