ऑफ तास

सहा बेचाळीसला नळ स्टॉपपुढं
ओव्हरहेड वायरवर
वाढदिवसाचा एक फ्लेक्स जाऊन बसला.
कुणा भाऊंचे जोडलेले हात,
खाली शुभेच्छुकांच्या सत्तावीस मुंड्या.
वनाजपर्यंत पुरवठा बंद.

माझ्यासमोर भिंतभर पडदा.
गाड्या म्हणजे तिरक्या रेघा,
एकमेकींना छेदत चढणाऱ्या, उतरणाऱ्या,
संध्याकाळी तर दाट.
त्यातल्या चार जागीच आडव्या झाल्या.

बाबा सासवडच्या शाळेचं वेळापत्रक करायचे,
जूनमध्ये, फरशीवर पुठ्ठा पसरून,
पेन्सिलीनं.
आईनं पेन पुढं केलं तरी घ्यायचे नाहीत.
"खळदकर बाईंची दाढ दुखेल की कधीतरी,
सातवी ब काय वाऱ्यावर सोडायची?"

मी खोडते.
रामवाडी ते गरवारे, एवढीच लाईन आता माझी.
गरवारेला सांधा बदलून
गाडीची शेपटी तोंड करायची, पुन्हा माघारी.
सात बाराची रद्द.
सात वीसचीही.
"एकशे नऊ, तांबोळी, सिव्हिल कोर्टला थांब."
"किती वेळ?"
"सांगते."
"मॅडम, लोक काच वाजवतायत."
"सांगते म्हटलं ना."

आयडियल कॉलनीच्या अलीकडं, पुलावर,
एका गाडीत एसी बंद पडून दोनशे माणसं.
त्यांचा मला फक्त आकडा दिसतो.
बरंच आहे ते, नाहीतर हात कापला असता.

आठला फ्लेक्स निघाला. बांबूनं, म्हणे.
पण उशीर असा निघत नाही,
तो वाटावा लागतो चिमटीचिमटीनं:
ह्या गाडीला दोन मिनिटं, तिला चार,
तांबोळीला सहा, ती बोलणार नाही आज माझ्याशी.
नवापर्यंत रेघा पुन्हा तिरक्या,
होत्या तिथं मात्र नाहीत.

बाबांचा पुठ्ठा उजेडात धरला
की खोडलेलं नाव दिसायचं.
त्या तासाला मुलं काय करायची,
हे त्यांनी कधी विचारलं नसावं.
मीही नाही.

फक्त मधे एकदा, सात पंधराच्या सुमारास,
चौदा नंबरच्या कॅमेऱ्यात
मंगळवार पेठेच्या बाकावर
एक बाई पिशवीतच गवार मोडत बसली होती.
शेजारच्या, ओळखपत्र गळ्यात अडकवलेल्या पोरीनं
न विचारता मूठभर घेतली.
दोघी माझ्या सात बारात असत्या,
एक ह्या दाराशी, एक त्या.

गाडी आली तेव्हा
थोडी मोडायची राहिली होती.