चौदा नंबर

हॅनकॉकच्या टेकडीवर, कालव्याकडे तोंड केलेलं घर.
मार्च संपत आला तरी खिडक्यांच्या कमरेपर्यंत बर्फ.
तळघरात उतरताना लाहती म्हणाला, "पायऱ्या मोज.
अंधार झाला तर कामाला येतात."
अकरा होत्या.

पॅनेलपाशी तो लगेच गेला नाही.
जमिनीला ओल आहे का, ते वाकून पाहिलं,
रबराची चटई अंथरली, पाट मांडावा तशी,
अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकली.
मग पत्र्याला हाताची पाठ टेकवली,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं इतकी हलकी.
"तळव्यानं धरलंस तर मूठ आवळते, सुटत नाही.
पाठीनं शिवावं."
माझी वही उघडी होती. मी लिहिलं नाही.

"वर कोण आहे, विजेवर जगणारं?"
इर्या कंगास जिन्याच्या तोंडाशी उभी, हात पिठाचे.
"रेइनो. माझा भाऊ. त्याचं ऑक्सिजनचं मशीन."
ती घरघर मला इतका वेळ भट्टीची वाटत होती.
लाहती वर गेला, सिलिंडर लावून दिला,
रेइनोचे दहा श्वास मोजले,
आणि मगच विचारलं,
"मेन शेवटचा कधी पाडला होता?"
"टोइवो होता तेव्हा." तिनं बोटं मोजली. "नऊ वर्षं."
"नऊ वर्षं न हललेला पडेल नक्की.
उठेलच, असं मी म्हणत नाही."
तिनं पीठ झटकलं. "पाडा.
घर घेणाऱ्यावर पडण्यापेक्षा आज पडू दे."

आधी लहान खटके, एकेक करून,
भरल्या गाडीवरून पोती उतरवावीत तसे.
दारामागच्या कागदावर टोइवोचं पेन्सिलीतलं फिनिश,
लाहती वाचत गेला: सौना, स्वयंपाकघर, पंप,
आणि चौदापुढे फक्त, आई.
"हे काय?"
इर्यानं खांदे उडवले.

मग तो पॅनेलच्या बाजूला झाला, समोर नाही.
तोंड भिंतीकडे, एक हात खिशात.
खट्‌.
फ्रीजर थांबला. भट्टी थांबली.
घराला इतके आवाज होते हे तेव्हा कळलं.
सॉकेटवर मघाशी एकशे एकवीस, आता शून्य.
"शून्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस, मीटरच मेलं असेल.
आणि या पत्र्यामागे, वरच्या दोन तारा अजून जाग्या आहेत.
मेन पाडला की घर झोपतं, रस्ता झोपत नाही."

उचलताना तो अडला.
धड खाली नाही, धड वर नाही.
बॅटरीच्या उजेडात लाहतीच्या मानेवर घाम,
तळघरात वाफ दिसेल एवढी थंडी, तरी.
त्यानं खटका पार खाली दाबला, थांबला,
पुन्हा वर. लागला.
एकशे एकवीस. म्हणजे शून्य खरं होतं.

लहान खटके पुन्हा चढवले. चौदा सर्वांत शेवटी.
टेस्टरचा दिवा पेटला,
वासे धरून गेलेल्या वायरीवर पेटतच राहिला,
मागच्या भिंतीपर्यंत. तिथं वायर आत शिरत होती.
भिंतीपलीकडे नुसता बर्फ.
"अगं बाई," इर्या म्हणाली. "आईची खोली.
एकोणनव्वद साली पाडली."
मग जरा वेळानं, "इतकी वर्षं चालू होता?"
"हो."
"आणि बिल?"
"कुणी दिवा लावत नसेल तर बिल येत नाही."

त्यानं चौदा खाली पाडला, वर लाल टेप मारला.
कागदावरचं नाव खोडायला मी पेन काढलं,
तर इर्यानं माझं मनगट धरलं, पिठाच्या हातानं.

अहवालात मी लिहिलं:
मेन पडतो. दुसऱ्या खेपेला उठतो. बदलावा.
चौदा बंद. भिंतीतली वायर काढावी.
नावाबद्दल अहवालात रकाना नाही.

वरून रेइनोनं हाक दिली,
मशीन लागलंय, आता कॉफीचंही बघा कुणीतरी.