क्रियापदांचा तास

किलीबेग्ज बंदराच्या वर, जुन्या जाळीघरात
दर गुरुवारी साडेसातला इंग्रजीचा वर्ग भरतो.
मासळी साफ करणारे हात कितीही धुतले
तरी वह्यांना मॅकरलचा वास येतोच.
शिकवते नूअला मॅकगिन्ली, निवृत्त कोर्ट-कारकून.
चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांचे जबाब टाइप केले,
हुंदक्यांच्या जागी स्वल्पविराम देत.

आज फळ्यावर : ॲडमिट. कन्फेस.
(आमच्याकडे ॲडमिट म्हणजे दवाखाना,
सलाइन, थर्मासमधला चहा. मी गप्प बसतो.)
"ॲडमिट करतात," ती म्हणते, "समोर पुरावा ठेवल्यावर.
कन्फेस, कुणी विचारलं नसताना.
घशातला काटा आपणच बोट घालून काढावा, तसं."
मग एक्स्क्यूज? एल्झिरा विचारते.
"बसमध्ये पाय तुडवल्यावर."
पार्डन?
"ते राष्ट्राध्यक्ष करतात. किंवा नीट ऐकू आलं नाही की आपण."
वर्ग हसतो.
फर्गिव्ह लिहिताना खडू मोडतो.
खाली वाकून ती तुकडा शोधते,
जरा जास्तच वेळ.

गावात सगळ्यांना माहीत आहे.
नऊ वर्षांपूर्वी हवा फिरत असताना
तिचा भाऊ फर्गल भाच्याला घेऊन बोटीवर गेला
आणि एकटा परतला.
पोलिसांपुढे त्यानं ॲडमिट केलं : दोन पेग.
फादरपुढे कन्फेस केलं, काय ते फादरला ठाऊक.
न्यायाधीशांनी वाऱ्यावर ठपका ठेवला.
एकेक क्रियापद गावभर वापरून झालं,
तिच्या उंबऱ्याशी एकही आलं नाही.
माझ्या भाषेत अपराध पोटात घालतात.
पण तिच्या पोटचा
समुद्रानं पोटात घातला.
दर नाताळात फर्गल फाटकापर्यंत येतो,
कडीवर हात ठेवतो.
ती स्वयंपाकघरातला दिवा मालवून बघत राहते
तो जाईपर्यंत.

"वाक्यात उपयोग करा."
झुराब फोर्कलिफ्ट चालवतो, लिहितो जपून, एकेक अक्षर पेटीसारखं उचलून :
काल रात्री मी माझ्या भावाला ॲडमिट केलं.
"हॉस्पिटलात?"
नाही, घरात. त्यानं दार वाजवलं. मी उघडलं.
चुकलं का?

लाल पेन वहीवर टेकतं. एक ठिपका मोठा होत जातो.
"नाही," ती म्हणते.
"जुनं वळण आहे. आता फारसं कुणी लिहीत नाही.
पण बरोबर आहे."

नवाला ती कुलूप लावते.
पार्किंगमध्ये गाडी सुरू न करताच बसते,
काचेवर वाफ धरेपर्यंत.
मग एक नंबर, कुठेही लिहून न ठेवलेला.
पलीकडे कुणी हॅलो म्हणत नाही. नुसता श्वास,
मागे कुठेतरी केटलीची शिट्टी, कुणी बंद न केलेली.

"फाटकाची कडी गंजलीय," ती म्हणते.
"नुसती ढकलून उघडत नाही.
आधी थोडी उचलावी लागते."